भूतलक्षी प्रभावाने

ठाण्यात कोर्टनाक्यावर, झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली
माझं टेबल. पानाला पंचवीस रुपये, दुरुस्ती फुकट.
चेंदणीच्या द्वारका नाखवाची पहिली याचिका
मीच टाइप केली होती, तेव्हा माझे केस काळे होते.

खाडीत खुंट रोवायला मनाई. कलम सात.
अकरा वर्षांनी उच्च न्यायालय म्हणालं,
कलम सात घटनेशी विसंगत, सबब शून्यवत.
शून्यवत हा शब्द तिला फार आवडला.
घरी पोचेपर्यंत घोकत गेली,
आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर
निवट्यांचं कालवण, डब्याला हात लावता येईना.

नऊ महिने खुंट उभे राहिले.

मग नागपूरचं अधिवेशन, शेवटचा दिवस,
रात्री सव्वाअकरा, आवाजी मतदान.
न्यायालयानं दाखवलेली चूक त्यांनी नीट वाचली होती,
एवढं मान्य करायला हवं.
‘मनाई’ खोडून ‘नियमन’ लिहिलं,
परवाना ठेवला, परवान्याचा अर्ज ठेवला,
अर्ज कुणाकडे करायचा ती जागा कोरी.
आणि वर ते लांबलचक वाक्य,
जे मी डोळे मिटूनही टाइप करतो:
कोणत्याही न्यायालयाच्या कोणत्याही न्यायनिर्णयात,
हुकूमनाम्यात किंवा आदेशात काहीही अंतर्भूत असले तरी,
कलम सात कधीही शून्यवत नव्हते
असे मानण्यात येईल.
भूतलक्षी प्रभावाने.

द्वारकाबाईनं ‘भूत’ तेवढं ऐकलं.
मी सांगितलं, भूत म्हणजे मागचं. होऊन गेलेलं.
“मंग आमी जिकलो ते कदी?”
मुकादम वकील चष्मा पुसत राहिले.
“आन् ते निवटे? चोरीचे झाले का आता?
तू पन खाल्लंस.”

खाल्लं होतं. डबा बोटानं पुसून खाल्लं होतं.

नवी याचिका चोवीस पानांची झाली.
जुनी फाईल उघडून मी वर्ष बदललं, कलम तेच,
तिचं वय एक्कावन्नचं त्रेसष्ट केलं.
‘मच्छीमार’च्या आधी ‘माजी’ घालू का विचारलं,
तर नुसती बघत राहिली.

पैशांऐवजी तिनं पुन्हा डबाच पुढे केला.
मग म्हणाली, पावती दे.
कसली?
“कालवनाची. तारीख घाल, टाइम घाल, सई कर.
उद्या म्हनतील, असा डबा कदी नव्हताच.”

केली टाइप. साक्षीदार म्हणून मुकादमांची सही घेतली.
कालवण गरम होतं, तेही लिहिलं.