चुंबळ

विनेबाच्या वाळूत पहिल्यांदा पडले
तेव्हा डोक्यावर काहीच नव्हतं.

हे आधीच सांगते, कारण लोक उलटं समजतात.
घमेलं होतं तेव्हा कधी पडले नाही.
सातव्या वर्षापासून वाहतेय,
आधी पाणी, मग कसावा, मग धुरी दिलेले मासे.
जुन्या कापडाची चुंबळ, तिच्यावर घमेलं,
घमेल्याखाली मान, मानेखाली मी, अराबा मान्सा.
हात मोकळे. हात फक्त भांडायला लागतात.

मग दिवस गेले.
तिसऱ्यात एवढंच, की माशांचा वास वैरी झाला.
पाचव्यात चपला आवळल्या.
सहाव्यात रस्ता रुंद झाला की माझे पाय फाकले,
कोण जाणे.
पाण्याबाहेर आलेल्या बदकासारखी
होड्यांमधून वाट काढायचे
आणि मागून पोरं नक्कल करायची, हुबेहूब.
पोट पुढे ओढायचं, म्हणून पाठ मागे जायची,
म्हणून माझ्या ठशांत टाचेकडे आधी पाणी भरायचं.
पावलं दिसेनाशी झाली.
घराच्या तीन पायऱ्या मी आठवणीनं उतरत होते.

नाना अजोआ म्हणाली,
सांधे सैल सोडतोय देव, दार उघडायचंय ना.
ते ठीक, मी म्हटलं,
पण बिजागऱ्या आतापासूनच का करकरतायत?
रात्री कूस बदलायची म्हणजे
होडी पालथी करायला लागतात तेवढी माणसं लागायची.
कोबिना समुद्रावर. मी एकटी.

आठव्यात अक्राहून डेडे आली, विद्यापीठातली पोरगी,
काखेत तारा लावलेली सपाट फळी.
हिच्यावर उभ्या राहा, डोळे मिटा,
मी तीसपर्यंत मोजते.
मी विचारलं, घमेल्यासकट?
ती हसली नाही. वहीत बघितलं.
वहीत घमेलं नव्हतं.
डोळे मिटले तर कळलं, मी हलतेय,
जाळ्याच्या बोयासारखी, जागच्या जागी.
कागदावर रेघांचा गुंता उमटला,
कोंबडीनं माती उकरावी तसा.
हा तुमचा तोल, डेडे म्हणाली.
मी घमेलं मागवलं. पुन्हा मोज म्हटलं.
गुंता लहान झाला.
तिनं फळीची तार तपासली. दोनदा.

शुक्रवारी पहाटे फीफी आला.
कसा आला ते सांगत नाही,
जिला माहीत आहे तिला माहीत आहे.

आणि एकविसाव्या दिवशी,
ओहोटी, वाळू ताटासारखी सपाट,
हातात नुसता एक कांदा घेऊन शेजारी निघाले होते.
पाठ सवयीनं मागे गेली.
पुढे ओढायला कोणी नव्हतं.
उताणी पडले. आभाळ पाहिलं.
कांदा गडगडत समुद्राकडे गेला.
लागलं म्हणून रडले नाही.
शरीर अजून त्याला धरून चालत होतं
आणि तो घरात झोपला होता.

डेडे परत आली फळी घेऊन.
फीफीला नाना अजोआकडे दिलं, वर चढले.
आता स्थिर, डेडे म्हणाली.
स्थिरच आहे, मी म्हटलं,
आणि डोलत राहिले, डावीकडे, उजवीकडे.
थोपटणं पायांत उतरलं होतं.

आता तो पाठीवर असतो, कापडानं बांधलेला,
गाल माझ्या मणक्याला टेकून.
पाय एक आकडा वाढला तो वाढलाच,
जुन्या चपला नणंदेला दिल्या.
शिंकले की थेंब सुटतो. चढावर मांडीच्या मुळाशी
कुणीतरी कडी काढून ठेवल्यासारखं वाटतं.
ह्याचं डेडेच्या वहीत एक चौकोन आहे, त्यात ती टिंब देते.

काल चार महिन्यांनी घमेलं चढवलं.
अर्धंच भरलं.
मानेला आठवलं. कमरेला नाही आठवलं.
पहिली दहा पावलं आम्ही तिघं,
घमेलं, मी आणि तो,
एकमेकांची चौकशी करत चाललो.
अकराव्याला त्यानं झोपेत डोकं उजवीकडे टाकलं
आणि घमेल्यानं, मला न विचारता,
एक मासा डावीकडे सरकवला.