धूर

डॉक्टर पाच्छापुरेंनी फिल्म उजेडावर धरली.
मधोमध चिरलेला कोबीचा गड्डा, तशी दिसत होती आक्का.
"इथं," म्हणाले, "सुपारीएवढं."
भाकरी एका जागी लागावी
तेवढाच डाग.

"त्यात माझं नाव होतं?"
डॉक्टर हसले न्हाईत.
हे त्यांचं मला आवडलं.

हात वाचले. पाय वाचले.
रवळू म्हणायची ती मला,
आता ओठ हलतात, आवाज येतो,
माझ्यापर्यंत येता येता त्याचा भुसा होतो.
मराठी गेली. सगळी.
शिव्या, देवाची नावं, मीठ, वाटी, मुडद्या.
राहिली ती वखारीतली कानडी,
चाळीस वर्षं मुकादमाकडून उसनी घेतलेली.
परवा म्हणाली, नीरु.
आमच्या घरात पाण्याला कुणी नीरु म्हटलं न्हवतं.
गोकाककडची नर्स उठली, तिनं पाणी दिलं,
आणि मला माझ्याच आईचा अर्थ सांगितला.

मामा निपाणीहून आला. म्हणाला,
बाहेर पाट्यांवरनं आमची हयात गेली भांडण्यात,
आत एका गाठीनं निकाल लावला
साक्ष न काढता.
गमतीनं म्हणाला,
मग भिंतीकडं तोंड करून बराच वेळ बसला.

माझं काम मोटारी भरायचं.
यमकनमर्डी फाट्यावर दुकान आहे.
जळकी तार उकलायची, वेढे मोजायचे,
तेवढेच वेढे नव्या तांब्याचे घालायचे.
तांब्यात घुमणं नसतं.
लोखंडात नसतं.
बटण दाबलं की कुठनं येतं
हे मी वीस वर्षं कुणाला विचारलं न्हवतं.
डॉक्टरांना विचारलं.
ते म्हणाले, जवळ आलात.
पण मोटार घुमते तेव्हा
आपण घुमतोय हे तिला कळत न्हाई, डॉक्टर.
त्यावर त्यांनी चष्मा पुसला,
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसरीत असताना मी एक विडी उकलली होती.
धूर शोधायला.
आक्काच्या मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं,
दारात तिन्हीसांज, घरभर तंबाखूची खाट,
आणि मी कोपऱ्यात बसून सूत सोडवतोय.
पान निघालं. जर्दा निघाला.
पान झटकून बघितलं, उलटं करून बघितलं.
पाठीत धपाटा बसला.
कट्ट्यात एक कमी भरली होती.
धूर कुठं असतो, ते मात्र सांगितलं न्हाई तिनं.
तिला तरी कुठं ठाऊक असणार,
हजारांनी वळल्या, एकदा ओढली न्हवती.

आज दुपारी तिच्या पुढ्यात
जुन्या पेपराच्या पट्ट्या कापून ठेवल्या.
डॉक्टरांनी सांगितलं न्हवतं, मीच आपलं.
थोडा वेळ नुसती बघत राहिली.
मग बोटं उठली.
बोटंच उठली आधी, ती मागनं आली.
पट्टी वळली, टोक दुमडलं, नखानं दाबलं.
ओंदु.
चादरीचा दोरा ओढून तोडला दातानं.
एरडु. मूरु.
नर्स दारात थांबली. मामा वळला भिंतीकडनं.
बोटांना कुणी सांगितलं,
का बोटांनीच वर कळवलं,
त्या जळक्या जागेला वळसा घालून
कुठल्या पाणंदीनं?
त्या फिल्ममध्ये ही वाट दिसली न्हवती,
दिसली असेल तर मला वाचता आली न्हाई.

इप्पत्तनाल्कु.
थांबली.
परत मोजल्या, एकेक बाजूला सारत.
चोवीसच.
सुपात बघावं तसं मांडीवर बघितलं,
चादर झटकली.

पंचविसावी माझ्या हातात होती.
कधी घेतली, कधी उकलली, मला कळलं न्हाई.
पेपराची मोकळी पट्टी, आत काही न्हाई.

आक्कानं मान वर केली,
पट्टी बघितली, मला बघितलं,
ओठ हलले, भुसा पडला,
आणि तिनं धपाट्यासाठी
हात उचलला.