थॉर्नवेटचं लॉर्डपण

विकणे आहे: लॉर्डपण, गाव थॉर्नवेट, लिंकनशर.
सोबत जमीन नाही. घर नाही.
नखात राहील एवढी मातीसुद्धा नाही.
कायद्याच्या भाषेत 'निराकार मालमत्ता'.
हे टाईप केलं आणि उगाच
ऑफिसात कुणी उदबत्ती लावल्यासारखं वाटलं.

विकणारे डेन्झिल स्क्रिमशॉ, वय एक्क्याऐंशी.
चाळीस वर्षं बसमध्ये चढून लोकांची तिकिटं तपासली.
हे त्यांना मावशीकडून आलं,
चिनीमातीच्या एका कुत्र्याबरोबर.
कुत्र्याचा कान तुटलाय. लॉर्डपण शाबूत.

मी वकिलांची कारकून, पद्मजा चौगुले.
माझ्याही आडनावात एक हुद्दा बसलाय,
पाटलाच्या हाताखालचा.
वतन खालसा झालं, मान गेला, पान गेलं,
आडनाव तेवढं पासपोर्टावर उभं,
बिनपगारी शिपायासारखं.

फाईल उघडते.
दर मंगळवारी बाजार भरवायचा हक्क आहे, राजाच्या सनदेनं.
शेवटचा बाजार भरून साडेतीनशे वर्षं झाली;
मंगळवार येतात अजून.
खनिजांचा हक्क दोन हजार तेराच्या ऑक्टोबरआधी नोंदवायचा होता,
तेव्हा मावशी गुडघा बदलून घेत होत्या.
लॉर्डपणाची नवी नोंद सरकारी दप्तर आता घेतच नाही,
दोन हजार तीनपासून ते दार बंद.
आणि कुळं?
ती एकोणीसशे सव्वीसच्या एक जानेवारीला उठली
तीच मालक होऊन,
आमच्या कुळकायद्याच्या कितीतरी आधी.
दूध काढायला त्या दिवशीही पहाटेच उठावं लागलं असेल.

ओहायोहून फोन. वांडा क्लेपिंगर, नवऱ्याच्या साठीची भेट.
'त्याला लॉर्ड म्हणतील ना?'
नाही बाई. नावाआधी काही लागत नाही.
नावानंतर स्वल्पविराम, मग
'थॉर्नवेट मॅनरचे लॉर्ड', इतकंच.
'मग ती जुनी गुंडाळी? दिवाणखान्यात लावू.'
ती परवानगीशिवाय देशाबाहेर जात नाही.
समुद्रापलीकडे बराच वेळ शांतता.
'मग मिळतं काय?'

ती गुंडाळी मी अभिलेखागारात पाहून आले होते.
कातडं, मेंढीचं. लॅटिन, घाईची.
चौदाशे सतरा: ॲग्नेस वारली, राल्फ पिंडरची विधवा.
रिवाजाप्रमाणे घरातलं सर्वांत चांगलं जनावर लॉर्डाला.
एक तांबडी गाय, किंमत सात शिलिंग.
आणि समासात, वेगळ्या शाईत, एकच शब्द:
गाभण.

किंमत वाढावी म्हणून लिहिलं असेल.
की रात्री झोप लागली नसेल त्या कारकुनाला?
माझ्याच जातीचा तो, कुणाच्या तरी हाताखालचा,
हाताला शाई, पोटाला धान्य, तोंडाला कुलूप.
त्यानंतर लॉर्ड झाले एकोणतीस. सगळ्यांची नावं आहेत.
वासराचं कागदात काही नाही.

सह्या शुक्रवारी झाल्या.
मी सांगितलं, पूर्वी कुळ काठीचं एक टोक धरायचं,
कारभारी दुसरं, आणि शेत हातातून सुटायचं.
स्क्रिमशॉंनी टेबलावरची फूटपट्टी उचलली,
एक टोक माझ्याकडे केलं.
मी धरलं. कसं नको म्हणणार?
बारा इंच होते आमच्यात, तीस सेंटीमीटर दुसऱ्या बाजूला.
'सुटलं,' ते म्हणाले, आणि हात कोटाला पुसले.

खिडकीतून पाहिलं: थांब्यावर उभे,
मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन.
सव्वाचारची बस चार एकवीसला आली.
त्यांनी पाऊल वर टाकण्याआधी ड्रायव्हरला काहीतरी ऐकवलं,
आणि तो पोरगा, बाविशीचा असेल,
टोपी नसतानाही टोपीला हात लावावा तसा
कपाळाकडे हात नेऊन म्हणाला असावा, 'सॉरी, सर.'