तिसरी पाळी

मिहानच्या गेटबाहेर सकाळी दहाला
टपरीच्या बाकावर आम्ही चौघं.
रात्रभर अमेरिकेतल्या आजाऱ्यांची बिलं तपासून
डोळ्यांत वाळू.
हर्षलच्या मोबाईलवर तिकडची सोमवारची रात्र:
हेल्मेटवाले, बर्फ,
आणि बरोबरीत अडकलेला सामना.

"ओव्हरटाइम," हर्षल म्हणाला.
बोंदरेकाकांनी गाळणी झटकली:
"डबल भेटते का त्यायले?"
हसलो. आम्हाला तर सिंगलही
पुढच्या महिन्यात, तेही मागितल्यावर.

मग मैदानाच्या मधोमध पट्ट्यापट्ट्यांचा पंच आला
आणि एवढ्या हाडांचा हिशेब
त्यानं एका नाण्यावर ठेवला.

मी ग्लास खाली ठेवला.

हे नाणं मला माहीत आहे.
अजनीचं रेल्वे ग्राउंड, आंतरकॉलेज,
सव्वीस-सव्वीस.
पाच-पाच चढाया झाल्या तरी कुणी हटेना.
ढोमणे सरांनी खिशात हात घातला,
आधी लायसन्स निघालं, मग बसचं तिकीट,
मग दोन रुपयांचं नाणं.
मी काटा म्हणाले.
छापा पडला.
सोनेरी चढाई प्रज्ञा मेश्रामची.
ती आली, कोपऱ्यातल्या वंदनाच्या घोट्याला
बोट लावून गेली. बस एवढंच.
माझी चढाई माझ्या मांडीतच राहिली.
सतरा वर्षं झाली,
जिना चढताना कधीकधी हलते.

हर्षल सांगतो, पूर्वी तिकडेही तसंच होतं.
नाणं जिंका, चेंडू घ्या, टचडाउन करा, घरी जा.
दुसऱ्यांनी कडेला उभं राहून
गळ्यात टॉवेल अडकवून
आपलं हरणं बघायचं.
आता दोघांना एकेक पाळी देतात.
बरं केलं.
पण तरीही बरोबरीच राहिली तर?
तर तिसरी पाळी. आधी गुण घेईल तो जिंकला.
तिसरी कुणाची?
ज्याची पहिली, त्याची.
आणि पहिली कुणाची?
हर्षल चहा फुंकतो.
म्हणजे नाणं तेच,
फक्त उशिरा खाली पडतं.

ऐक मग.
आमच्या घरी आलुबोंडा एक, बहिणी दोन.
आईचा कायदा: एकीनं तोडायचा, दुसरीनं उचलायचा.
सुलभा जीभ दातांत धरून असा तोडायची
की मुंगीलाही भांडता येऊ नये.
तसंच करा ना.
एका कर्णधारानं मैदानावर बोट ठेवायचं:
खेळ इथून सुरू, या यार्डावरून.
दुसऱ्यानं ठरवायचं,
चेंडू घेतो, की तुला देऊन अडवतो.
गोलजवळ बोट ठेवलंस तर चेंडू मी घेईन.
फार मागे ठेवलंस, तर घे तूच, ये चालत.
लोभावर लोभाचाच पहारा.

"पण ताई," निलोफर म्हणाली, "तोडायचं कुणी?"

हं.
बोंदरेकाकांनीही स्टोव्ह बारीक केला.

त्यासाठी उडवा हवं तर नाणं, मी म्हणाले.
पण मग हरणाऱ्याच्याही हातात
काहीतरी राहतं. निदान सुरी,
नाहीतर निवड.
मला तर त्या दिवशी फक्त
उभं राहायचं काम होतं.

तेवढ्यात मोबाईलवर निळे धावत सुटले,
संपलं.
कॅमेरा बाकावरच्या एका पांढऱ्यावर थांबला.
गुडघ्यांत हेल्मेट,
तोंडातून वाफ, दाढीवर बर्फ.
त्याला मी ओळखते, त्याचं नाव माहीत नाही.

टीम लीडचा मेसेज आला:
आज रात्री दोघं जास्त थांबा.
कोण ते तुमचं तुम्ही बघा.

हर्षलनं खिशात हात घातला,
चिल्लर वाजली.
मी त्याचं मनगट धरलं.
सतरा वर्षांनी पकड
बरोबर बसली.