भिरंडेल

ऑक्टोबर लागला की आधी माझ्या टाचा सांगतात,
मग कॅलेंडर.

कोपरखैरण्यात शरद ऋतू वगैरे येत नाही.
उकाडा येतो, चादर तासाभरात वाळून कडक,
आणि संध्याकाळी सातनंतर
सेक्टरच्या वळणावरची सातवीण
इतका वास सोडते
की तिसऱ्या मजल्यावरच्या नंबियार बाई खिडकी लावून घेतात
अन् मी उघडते.

कंपनी हलणार म्हणतात,
रबाळ्याहून थेट भरूचकडे.
ऑगस्टपासून आमच्या डब्यांत हे एक ‘म्हणतात’ असतं,
पोळीला लावून आम्ही तेच खातो.
यादी निघणार म्हणतात. नाही निघणार म्हणतात.
डिस्पॅचचा दिगंबर मोकल रोज नोटीस बोर्डापर्यंत जाऊन येतो.
तिथे अजून
झेंडावंदनाची वेळ लावलेली आहे.

रात्री मी हिशेब मांडते.
हप्ते उरले एकोणचाळीस.
ओवीच्या सेमिस्टर तीन.
तिसऱ्या ओळीत काय लिहायचं ते आठवत नाही,
पेन तिथेच थांबतं
आणि पंखा पान उलटतो.

परवा कूस बदलताना
चादरीचा धागा टाचेत अडकला.
एवढंसंच. पण मी उठून बसले,
मग स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर बसले,
दिवा लावला, पाय मांडीवर घेतला
आणि बघितला.
किती दिवसांनी, कोण जाणे.
दुसऱ्या कुणाचा असता तर म्हटलं असतं,
अगं, काय करून घेतलंस हे!

मे महिन्यात कुडाळच्या वहिनीनं
भिरंडेलाचा गोळा दिला होता वर्तमानपत्रात बांधून.
“बघ हां, विसरशील,” म्हणाली होती.
विसरले होते.
गूळ-चिंचेच्या मागे सापडला,
अंड्याएवढा, जुन्या दाताच्या रंगाचा,
त्याच्यावर उलटी उमटलेली कुठल्याशा निकालाची बातमी.

पळीत तुकडा वितळवला.
सोसेल तेवढा गरम भेगेत सोडला.
स्स् म्हणून झालं
आणि मग कमरेपर्यंत काहीतरी सैल झालं.

आभार कसे मानायचे मला कधी नीट कळलं नाही.
देवापुढे उभी राहिले की तोंडातून मागणंच निघतं.
म्हणून टाचेलाच म्हटलं, बाई गं,
एकोणीस वर्षं गेट ते स्टोअर, स्टोअर ते गेट,
काचेच्या फॅक्टरीतली फरशी,
बाळंतपण, दवाखान्याचे जिने, त्यांना शेवटचं नेलं तो दिवस,
तू एकदाही रजा टाकली नाहीस.
बोलता बोलता दुसरी टाच रुसेल असं वाटलं,
तिलाही लावलं.
पायांत जुने मोजे चढवून झोपले.
सातवीण आत येत होती. येऊ दिली.

सकाळी मोज्यांवरच चपला घालून खाली गेले.
कोपऱ्यावर चांगुणा मढवी शिंगाडे घेऊन बसलेली.
“काय गो, या उन्हात मोजे?”
सांगितलं तसं तिनं स्वतःचा पाय पुढे केला,
माझ्याहून खोल भेगा, खाडीच्या मिठाच्या.
आमची बिल्डिंग उभी आहे
ती तिच्या सासऱ्याच्या भातखाचरात.
ती हे कधी काढत नाही. मीही नाही.
पावशेरावर तिनं मूठभर वर टाकले.
मी घरी परत जाऊन उरलेल्या गोळ्याचा चौथा हिस्सा कापून आणला,
बस चुकली,
कार्डावर अकरा मिनिटं लाल पडली.

दुपारी डबा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला,
बसून, पाणी पिऊन.
शिंगाड्यानं नखं काळी झालेली.
मोकल बोर्डाकडे जाऊन आला,
काही नाही म्हणाला,
त्याच्या हातावर दोन ठेवले.

यादी शुक्रवारी म्हणतात.

गोळा अजून अर्धा तरी उरलाय.
रोज रात्री नखाएवढा घेतला
तर होळीपर्यंत पुरेल.
हे कुणी म्हणत नाही.
मी मोजलंय.