एक लांब, मग गप्प

बटण दाबलं की पंखा फिरतो,
हिरवा दिवाही लागतो,
स्क्रीन मात्र काळी, तव्यासारखी.
सकाळचे साडेदहा. बाहेर चव्वेचाळीस.
कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं टपरीवजा दुकान,
आणि बाकावर उकेबाई,
वारसाच्या प्रतिज्ञापत्रासाठी,
कापडी पिशवी मांडीवर धरून.

नवा घ्या, म्हणतात सगळे.
पण अठरा वर्षांचा मजकूर ज्या फॉन्टात आहे
तो दुसऱ्या मशीनवर उघडला
की नुसते ठिपके, कंस, उलटी प्रश्नचिन्हं.

तीर्थराजला फोन लावला.
तो तुमसरला, साळीच्या लग्नात.
मागे बँड, आणि कोणी तरी भात संपला म्हणून ओरडतंय.
"ताई, आवाज कसा करून रायला तो?"
मी फोन कॅबिनेटला टेकवला,
पोटुशीच्या पोटाला कान लावावा तसा.
"काहीच ऐकू नाही येऊन रायलं बाप्पा. तुम्हीच मोजा."

मोजलं.
एक लांब. मग गप्प.
पुन्हा एक लांब. मग गप्प.

"रॅम आहे. काढा, खोडरबरानं घासा, लावा."
"खोडरबरानं?"
"हो ना."

चारातले तीन स्क्रू. चौथा कधीचाच हरवलेला.
आत धूळ, घोंगडीसारखी जाड,
आणि कोपऱ्यात पालीची दोन अंडी, फुटलेली, रिकामी.
म्हणजे मी इथे नावं, वयं, रा. नागपूर टाइप करत असताना
हा आत कुणाला तरी ऊब देत होता.

शेजारच्या स्टँपवाल्या गजभियेंकडे खोडरबर नव्हतं.
"आमच्याकडे खोडता येत नाही," म्हणाले.
मग उकेबाईंनीच पिशवीतून काढलं,
नातीचं, गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचं.

सोनेरी दातांवरून घासत गेले,
हळू, एका दिशेनं.
आजवर खोडरबर हातात घेतलं ते पुसायलाच:
तारीख चुकली, बापाचं नाव चुकलं, पूस.
आज पहिल्यांदाच
त्याला आठवावं म्हणून घासत होते.

बसवली. अंगठ्यानं दाबली. खट्.
बटण.
एकच बीप, आखूड,
जशी कुणी हाक मारल्यावर "ओ" देतं.

काळ्यावर पांढरी अक्षरं:
तारीख एक जानेवारी दोन हजार दोन.
पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

"सेल गेला असेल आतला," मी म्हटलं,
"त्याला वाटतंय अजून तेच साल आहे."
उकेबाई पदरानं चष्मा पुसत वाकल्या.
"दोन हजार दोन? तवा हे होते ना.
हिंगण्याले ड्युटीवर जायचे."

एफ-वनची टोपी मागेच पडली, खाली नुसतं रबर उरलंय.
पेनाचं टोक त्यावर धरलं
आणि थांबले.
कूलरचं पाणी संपत आलेलं, पंप खरखरत होता.

टेबलावर फोन तसाच चालू.
बँड थांबला होता
आणि तीर्थराज तिकडून ओरडत होता,
"झाला का सुरू? ताई?
झाला का?"