अर्धा मिलिमीटर

रबाळ्याचा आर ब्लॉक, गाळ्यावर एप्रिलचा पत्रा,
मागे पारसिकचा खणून अर्धा उरलेला डोंगर,
आणि टेबलावर माझा गिअर,
ज्याला एकही दात नाही.

काथोड भोईर, इथल्याच गावठाणातले,
एकतीस वर्षं हॉबिंग मशीनवर दात पाडत आलेले,
उजव्या तर्जनीचं एक पेर
कुठल्याशा पिनियनला देऊन बसलेले,
हसले.
"दातूच नाय, मंग चावंल कसा गो?"

चावत नाही, काका. ओढतो.
आत चुंबकांच्या चार जोड्या, बाहेर बावीस,
मधे सव्वीस पोलादी तुकडे, जागचे न हलणारे.
चार आणि बावीस सव्वीस.
हा हिशेब चुकला तर नुसतं गरगरणं, पोचत काही नाही.
आतला साडेपाचदा फिरतो तेव्हा बाहेरचा एकदा,
तोही उलटा,
आणि कुणी कुणाला शिवत नाही.
मधे अर्धा मिलिमीटर हवा.
तांब्याभर जागेत शंभराचा पीळ मावायला हवा,
एवढंच माझं मागणं.

चुंबक बसवायला तीन दिवस गेले,
लाकडी पाचरा, पितळी पाना, घड्याळ घरी.
तरी ओढणीची सेफ्टी पिन उडालीच
आणि कवचाला जाऊन बिलगली.

संगणक म्हणाला होता, एकशे अठरा.
ब्रेक आवळत गेलो.
एक्याण्णवला सुटला.
धप्. धप्. एकेक ध्रुव मागे घसरत,
काका दचकून दोन पावलं मागे, मूठ मिटलेली.
ब्रेक सैलावला, तर आपसूक पुन्हा धरलं त्यानं,
काही झालंच नाही असं.
चुरा नाही, तेल नाही, जळका वास नाही.
"परत कर," म्हणाले.
सात वेळा करायला लावलं.

मग सव्वीस तुकड्यांचं कडं उचललं,
तुकड्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांवर नख फिरवत राहिले.
"यो पूल एवरा जारा कनाला?"
मजबुतीसाठी, काका.
"माजा बापूस खारीन होरी चालवाचा, मुलुंडच्या बाजूला.
ऐरोलीला पूल जाला.
मंग होरीन कोन बसतंय?"

मी गप्प झाले.
सहा महिने स्क्रीनवर त्याच रेषा बघत होते,
फटीतून पलीकडे जायच्या त्या
पुलावरून आपल्याच अंगणात परत येणाऱ्या.

वायरकटवर पूल बारीक केले,
एक पूर्णांक दोनचे शून्य पूर्णांक चार.
एकशे तीन.
अठरा नाही. उरलेलं दोन्ही टोकांतून गळतं,
त्याला लांबी वाढवावी लागेल, लांबीला पैसे.

सातला काकांनी हॉबिंग मशीनवर ताडपत्री ओढली,
डबा उचलला, दारापर्यंत गेले,
वळून आले.
खडूची खूण करून आतला दांडा हातानं फिरवला,
साडेपाच वेढे, पुटपुटत मोजून.
बाहेरचा एकदा फिरला. उलटा.
त्यांनी मान हलवली.
कुणाला, ते मला कळलं नाही.